खिडकी कोणी लावली

खर्डी,
३० ऑगस्ट १९९८

दादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला हात वळेना, तेव्हा नुसतं दादा.

दवाखान्यातून लडकूच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. महिनाभर घरी विश्रांती घे, वातावरण निवळलं की बघू, असं तू लिहितोस. वातावरण म्हणजे काय गढूळ पाणी आहे, तुरटी फिरवली की झालं? चिठ्ठीत जे नव्हतं ते लडकूने अंगणात उभं राहून तोंडी सांगितलं. चौकशीला आलेल्या साहेबांना तू म्हणालास, ‘मागच्या खोलीची खिडकी सिस्टरने नजरचुकीने लावली. आम्ही त्यांना कामावरून कमी केलं आहे.’ तुझ्या हुकमावरून ज्याने स्वतःच्या हाताने ती खिडकी लावली, तोच लडकू माझ्या हातचा चहा पीत मला सांगत होता की खिडकी मी लावली. आणि मी त्याला बशीसुद्धा दिली. राग आला की मला आधी काही सुचतच नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझ्या जबानीत जे नाही तेवढंच लिहिते. बाकीचं तू छान लिहिलं असशील.

आईच्या नावाने काढलेल्या आपल्या प्रसूतिगृहाला परवानगी सहा खाटांची. मागच्या खोलीत, जिथे पूर्वी भाताची पोती असायची, तिथे तू आणखी दोन खाटा टाकल्यास. ते बरोबर नाही हे मी बोलले होते. तू म्हणालास, ‘अडलेल्या बाईला काय परत पाठवू?’ मग त्या खाटांवर चादरी मीच घातल्या. शेगडीचंही तसंच. दवाखान्यात विस्तव नको हा नियम मलाही पाठ आहे. पण आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला ओव्याची धुरी आणि शेक मिळाल्याशिवाय घरच्यांचं समाधान होत नाही. शेगडी बंद केली तर बाया दुसऱ्या दिवशी टाके ओले असताना उठून वाडीवर जातात. म्हणून मी तोडगा काढला होता. शेक मागच्या खोलीत द्यायचा, दोन्ही खिडक्या आणि दार सताड उघडं ठेवून, आणि शेक संपला की शेगडी बाहेर पडवीत. इतके दिवस कुणाला शिंकसुद्धा आली नव्हती.

त्या दिवशी नोंदणीच्या तपासणीला जिल्ह्याहून पथक येणार होतं. आग विझवायचा सिलिंडर तू पेट्रोल पंपावरून दिवसभरासाठी मागून आणलास. कचऱ्याच्या रंगीत बादल्या बाजारातून आल्या, त्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या मी नखाने खरवडून काढल्या. आणि मागच्या खोलीत, परवानगीत नसलेल्या खाटेवर, वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीची बुधी होती. पहिलटकरीण, मुलगी झालेली. तिची आई हौशी नुकतीच शेगडी पेटवून बसली होती.

पथकाची जीप फाटकात आली तेव्हा मी पुढे प्रसूतीच्या खोलीत होते. मागे काय झालं ते मला लडकूने त्याच संध्याकाळी रडत सांगितलं होतं. तेव्हा तो रडला होता, हे ध्यानात ठेव. तू हौशीला म्हणालास, एसटी स्टँडवर जाऊन बस, बोलावल्याशिवाय येऊ नको. लडकूला म्हणालास, खिडक्या लाव, दार लाव, बाहेरून कडी घाल, पोर रडता कामा नये. त्याने विचारलं, ‘साहेब, शेगडी?’ तू म्हणालास, ‘राहू दे, पोराला ऊब लागली की गप झोपेल.’

बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की जो वायू होतो त्याला वास नसतो, दादा. मी नर्सिंगला दोन ओळींत वाचलंय. तू तर डॉक्टरकीला पूर्ण धडा वाचला असशील.

तपासणी लवकर उरकली. साहेबांनी बादल्यांचं कौतुक केलं. मग वरच्या मजल्यावर गावठी कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या. जिन्यात मी तुला विचारलं, मागे कोण बघतंय? तू म्हणालास, ‘लडकू आहे ना. तू भाकरी वाढ, गरम आहेत तोवर.’ मी वाढल्या.

कडी मी काढली. बुधी पोरीला कुशीत घेऊन निजली होती. दोघींच्या गालांवर रंग होता, म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. तो त्या वायूचा रंग होता, दोघी गेलेल्या होत्या. मी दोघींना श्वास देत बसले होते, तेव्हा हौशीला तू ओपीडीत घेऊन गेलास. तिथे काय सांगितलंस मला ठाऊक नाही. ती रडल्याचा आवाज आला नाही.

संध्याकाळी तू डोकं धरून बसला होतास. ‘जयू, माझ्या ध्यानातच आलं नाही गं,’ असं तू माझ्याजवळ म्हणालास. तेव्हा मला तुझी दया आली. हे वाक्य चौकशीवाल्यांपुढे बोल. मला दुसरं काही नको.

जयश्री


खर्डी,
भाऊबीज, १९९८

दादा,

साडी परत पाठवते आहे. घडी मोडलेली नाही, वहिनीला सांग.

शहापुरात दोन ठिकाणी कामासाठी जाऊन आले. पहिल्या ठिकाणी डॉक्टरीणबाई गोड बोलल्या, सर्टिफिकेट बघितलं, सिव्हिल हॉस्पिटलात इतकी वर्षं काढलीत म्हणून वाहवा केली. मग विचारलं, मुरबाडच्या त्या दवाखान्यातल्या सिस्टर तुम्हीच का? मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या कळवते. दुसऱ्या ठिकाणी तर तुझा मित्रच. तो खो खो हसून म्हणाला, ‘बाई, सख्ख्या भावाने ठेवलं नाही, मी कसा ठेवू?’ त्याचं काही चुकलं नाही. सरकारी नोकरी मी तुझ्या शब्दावर सोडली होती, हे त्याला कुठे माहीत असणार.

तुझे मेव्हणे म्हणतात, तुझ्या भावाचा दवाखाना चालू राहिला तर शंभर बाया सुटतील, तू एकटीने सोसलंस तर काय बिघडलं. शेतावरून दमून आलेल्या माणसाशी भांडू नये म्हणून मी ताट वाढलं. पण दादा, हेच वाक्य तू त्यांच्या तोंडात घातलंस का? मागच्या आठवड्यात ते मुरबाडला गेले होते, तेव्हापासून फार समजूतदार बोलताहेत.

नोंदणी पक्की झाल्याचं कळलं. अभिनंदन लिहीत नाही.

जयश्री


खर्डी,
होळीनंतर, १९९९

दादा,

तू खरं सांगणार नसशील तर निदान हौशीला मी सांगावं, म्हणून वैशाखऱ्याला जाऊन आले. एसटीतून उतरून वर चढताना दम लागला. वाडीत चिटपाखरू नाही. सगळी माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. कुठली भट्टी, कुणाला पत्ता नाही. भिवंडीकडे म्हणतात, कुणी पार गुजरात म्हणतात. एक म्हातारा ओट्यावर बसून होता, राघो म्हणून. त्याला म्हटलं, हौशी आली की तिला सांगा, दवाखान्यातली सिस्टर येऊन गेली, तिच्याशी बोलायचंय. तो म्हणाला, ‘हौशी आता कुनाशी बोलत नाय, बाय.’ मला वाटलं, पोरीच्या दुःखाने.

माणसं परतली की पावसाळ्यात पुन्हा जाणार होते. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, जमेल असं दिसत नाही. तुला लिहितेय ते तुझ्या मनाला टोचावं म्हणून. टोचत नसेल तर फाडून टाक.

जयश्री


खर्डी,
२१ जुलै २००३

दादा,

इतक्या वर्षांनी तुझं टाइप केलेलं पत्र आलं, आणि त्यात मला ‘प्रिय भगिनी’ म्हटलेलं. वाचून हसू आलं. शहापूरला नवीन हॉस्पिटल उघडतोयस, पंचवीस खाटा, नोंदणीसाठी शिकलेली, अनुभवी परिचारिका लागते, मेट्रन म्हणून माझ्याशिवाय दुसरं नाव तुझ्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणजे ज्या सिस्टरला तू नजरचुकीची म्हणून काढलंस, तिचंच सर्टिफिकेट आता भिंतीवर लावायचंय. धन्य आहेस.

मी नकोच लिहिणार होते. पण मधे एक गोष्ट झाली, ती नीट वाच.

दोन वर्षं मी एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात आहे. त्यांनी मला मागचं काही विचारलं नाही. विचारलं असेल आणि अडला हरी म्हणून ठेवलं असेल, तेही चालेल. आमची जीप मंगळवारी वैशाखऱ्याला थांबते. गेल्या मंगळवारी एक पोटुशी आली, यमी नावाची, सोबत नवरा. तपासता तपासता माझं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. एक म्हातारी पाठ करून भिजत बसली होती. मी म्हटलं, तुमची सासू का? आत बोलवा की, पाऊस केवढा आहे.

यमी म्हणाली, ‘नको गो बाई. ती पोटुशीच्या जवळ येत नाय. आमीच येऊ देत नाय.’

‘का?’

‘तिनं आपली पोर मारली ना. नि पोरीची पोर. शेगडी लावून.’

मी नवऱ्याकडे बघितलं. तो नवसू, बुधीचा धाकटा भाऊ. तेव्हा मिसरूडसुद्धा नव्हतं त्याला. मी विचारलं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

‘मुरबाडच्या मोट्या डाक्टरनी,’ नवसू म्हणाला. ‘आयलाच सांगितलं. म्हातारे, तुझ्या शेगडीनं मेल्या दोघी, आता बोंबलू नको, नायतर पोलीस तुलाच नेतील. तिनं घरी येऊन आमाला जसंच्या तसं सांगितलं. तवापासनं ती चुलीला हात लावत नाय. दुसऱ्यानं रांधावं तेवा खाते.’

दादा, इतकी वर्षं मला वाटत होतं की खापर तू एकाच डोक्यावर फोडलंस. कागदावर माझं नाव आणि ओपीडीत म्हातारीचं. चौकशीवाल्यांना एक उत्तर, तिला दुसरं. दोन्ही बाजूंनी तू सुटलास, आणि मी मूर्ख तुला पत्रं लिहीत बसले की माझं नाव धुऊन दे.

मी पावसात रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेले. तिने मला ओळखलं. ‘सिस्टर ना तू? तू माझ्या बुधीला पाजायला शिकवलंस.’ मी तिला सगळं सांगितलं, खिडक्या, कडी, पथक, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘डाक्टर कशाला खोटं बोलंल गो? शेगडी माजीच व्हती. मीच पेटवली.’

नवसू मागे येऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, खिडकी डॉक्टरने लावायला सांगितली होती, तुझ्या आईचा काही दोष नाही. तो तडकला. ‘तुला त्या दवाखान्यातनं काढलेली ना? आमाला ठावं हाय. तुझी नि भावाची भांडनं, ती आमच्या डोक्यावर कशाला? खरं असंल तर त्याला हितं आन. वाडीसमोर त्याच्या तोंडून बोलू दे.’

तो बरोबर बोलला. माझ्यावर विश्वास ठेवायचं कारण त्याला कुणी दिलेलं नाही.

तेव्हा ऐक. माझं नाव राहू दे तिकडे. चौकशीची फाइल राहू दे. नवरात्राच्या सुमारास यमी सुटेल. पाचवीच्या पूजेला वाडीवर ये आणि हौशीला एवढंच म्हण, ‘तुझ्या शेगडीने नाही, मी खोली बंद केली म्हणून.’ कागद नको, सही नको. बदल्यात मी तुझी मेट्रन होते. सर्टिफिकेट भिंतीवर लाव, नोंदणी कर, पथक आलं की मी पुढे होऊन बादल्या दाखवीन. जिवंतपणी नातवंडाला हात लावायला मिळावा, एवढाच त्या बाईचा प्रश्न आहे. तो तुझ्या एका वाक्यावर अडलाय.

जयश्री


खर्डी,
९ सप्टेंबर २००३

दादा,

फोन शेजारच्या दुकानात येतो, तिथे सगळे कान टवकारून उभे असतात, म्हणून तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू म्हणालास, येतो म्हटलंय ना, पण नोंदणी हातात पडू दे, दिवाळीनंतर निवांत जाऊ. वाडीत बोललेला शब्द बाजारात यायला वेळ लागत नाही, म्हणालास. हे तुला बरं कळतं. ओपीडीत बोललेला शब्द वाडीपर्यंत गेला तेव्हा कळलं नव्हतं?

दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. पोर जन्मल्यावर भट्टीवर जाईल, विटांच्या राशीत वाढेल, आणि म्हातारीला ते लांबून दिसेल. यमीने मला स्पष्ट सांगितलंय, पोराला शेकही नको नि त्या म्हातारीचा हातही नको. शेकाचं मी समजू शकते.

परवा मुरबाडला तुझ्याकडे आले होते. गाडी अंगणात, तुझ्या चपला दारात, आणि वहिनी म्हणते बाहेर गेलेत. मी तिच्याशी वाद घातला नाही. बिचारी खोटं बोलताना अजून लाल होते, तू काही तिला शिकवलेलं दिसत नाही. जाताना दवाखान्यात डोकावले. पाटी वाचली. ‘शेगडी किंवा विस्तव आणल्यास रुग्णास दाखल केले जाणार नाही. हुकमावरून.’ आग विझवायचे सिलिंडर तीन, आणि तुझे स्वतःचे. मागची खोली पाडून तिथे जनरेटर बसवलायस. सगळं नियमात आहे, दादा. बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कुणाच्या जिवावर शिकलास ते तेवढं पाटीवर नाही.

पण पाटीपुढे एक बाई लेकीच्या सासूला सांगत होती की इथे शेक देत नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी घेऊन जाऊ. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, इथेच ठेवा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, तसा शेक कुणी अडवणार नाही. तुझ्या नर्सना हे कुणी सांगितलंय का? नसेल तर सांग. मनाई करायला एक पाटी पुरते. बाई थांबवायची तर बोलावं लागतं.

यमीला आमच्या जीपने सरकारी दवाखान्यात नेईन. तू पाचवीला ये. या वेळी ‘बघतो’ म्हणू नकोस. येत नसशील तर तसं लिही, मी वाडीला आशा लावणार नाही.

जयश्री


खर्डी,
१२ ऑक्टोबर २००३

दादा,

‘नक्की येतो’ असं तू पोस्टकार्डावर लिहिलंस, म्हणून मी वाडीला सांगितलं. तुझ्या अक्षरातलं कार्ड नवसूला दाखवलं. त्याला वाचता येत नाही, पण त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि टोपीत ठेवलं.

यमीला मुलगा झाला. सुखरूप. पाचवीच्या दिवशी मी सकाळीच वर गेले. बायांनी अंगण सारवलं होतं. राघोच्या घरची बाज बाहेर काढून तिच्यावर नवी चादर घातली होती, तू बसावंस म्हणून. हौशी आपल्या झोपडीच्या मागे बसली होती. तिला मी सांगितलं, डॉक्टर येतोय, स्वतः सांगणार आहे. तिने अंघोळ केली होती. केसांना तेल लावलं होतं. मला म्हणाली, ‘मंग मी पुढं येऊन बसू का?’ मी म्हटलं, बस. ती पुढे आली, पण यमीपासून लांब, अंगणाच्या कडेला.

नवसू डांबरी रस्त्यावर तुझ्या गाडीची वाट बघायला गेला. दुपार कलली तेव्हा तो परत आला, मागे लडकू, मोटारसायकल ढकलत. हातात पेढ्यांचा पुडा आणि बाळासाठी झबली-टोपडी. ‘साहेबांना शहापूरला पथक घेऊन जावं लागलं. अचानक तारीख दिली. पुढच्या आठवड्यात येतील,’ लडकू म्हणाला.

पथक, दादा. पुन्हा पथकच.

मी म्हटलं, लडकू, तू तरी सांग. तू होतास तिथे. खिडकी कोणाच्या सांगण्यावरून लावलीस? सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. तो झबल्याची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. म्हणाला, ‘मला कायबी आठवत नाय, सिस्टर. जुनी गोष्ट हाय ती.’ त्याची पोरगी तुझ्या नव्या हॉस्पिटलात कामाला लागणार आहे, असं मागाहून कळलं. त्याला मी दोष देत नाही. देते, पण थोडा.

नवसूने टोपीतलं कार्ड काढून माझ्या पायाशी टाकलं. ‘बोललो व्हतो ना? भांडनं तुझी.’ मग आईकडे वळून म्हणाला, ‘चल, उठ. जा मागं.’

आणि हौशी उठली. तेल लावलेल्या केसांवर पदर घेतला आणि मागे जायला वळली. इतक्या वर्षांच्या सवयीने उठली ती. मला ते बघवलं नाही, दादा. तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मी तुझ्या अंगावर धावून गेले असते. पण समोर तू नव्हतास. तू कधीच नसतोस. होती ती सगळी वाडी आणि मी.

मी मोठ्याने म्हणाले, ‘खिडकी मी लावली.’

नवसू माझ्याकडे वळला. मी म्हणाले, ‘शेगडीने काही झालं नाही. मी खिडकी लावली, दार लावलं, बाहेरून कडी घातली आणि विसरले. म्हणून मला दवाखान्यातून काढलं. आजपर्यंत मी डॉक्टरवर ढकलत होते. हौशीआयचा काही दोष नाही.’

खरं सांगत होते तेव्हा त्यांनी मला साक्षीदार मागितला होता. खोटं सांगितलं तर कुणी काही विचारलं नाही. लगेच पटलं. एका बाईने बोटं मोडली. राघो म्हातारा म्हणाला, ‘तरीच ही सारखी हितं येते.’ नवसू माझ्या अंगावर आला आणि त्याने माझा दंड धरला. लडकू तिथेच उभा होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

‘सोड तिला,’ हौशी म्हणाली. वाडीत तिचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. ती माझ्यासमोर आली. मला वाटलं थोबाडीत मारेल, आणि मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘तू तिला पाजायला शिकवलंस, नि तूच कडी घातलीस?’ मी हो म्हणाले. ‘मारू नका हिला,’ ती नवसूला म्हणाली, ‘पन माझ्या नातवाला हिचा हात लागू देऊ नका.’

मग यमी उठली आणि तिने पोर सासूच्या ओंजळीत दिलं. हौशीला ते धरता येईना, सवय मोडली होती. बायांनी तिला खाली बसवून पोर मांडीवर ठेवलं. मी निघाले तेव्हा ती त्याची बोटं एकेक उघडून बघत होती.

संस्थेत बातमी मंगळवारच्या आत पोहोचली. मला कामावरून काढलं नाही, एवढंच म्हणाले की तुम्ही आता ऑफिसात बसा. मी राजीनामा दिला. तुझे मेव्हणे घरात माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं मी खरोखरच लावली, आणि आजवर त्यांनाही फसवलं. त्यांना मी खरं सांगितलं नाही. खर्डीत सांगितलेलं वैशाखऱ्याला पोहोचतं.

मेट्रन म्हणून माझं नाव लावू नकोस. आपला सौदा तू वाडीवर येण्याचा होता.

आता तुझं काम. पुढच्या आठवड्यात येईन असा निरोप तू पाठवलास. येऊ नकोस. न जाणो, उद्या तुला पश्चात्ताप होईल, म्हातारपणी माणसांना होतो, आणि तू गाडी काढून खरं सांगायला वाडीवर जाशील. तर अजिबात जाऊ नकोस. बहीण एक सांगते, भाऊ दुसरं सांगतो, असं झालं की ती माणसं दोघांचंही सोडून देतील आणि पुन्हा म्हातारीकडे बघतील. पोर तिच्या मांडीवरून काढून घ्यायला एवढं पुरेल.

तेव्हा कुणी विचारलं तर सिस्टरनेच लावली म्हण. चौकशीत म्हणालास तसंच, त्याच शब्दांत. एवढं तू मरेपर्यंत निभाव. तुला अवघड जाणार नाही.

जयश्री